कौतुक झालं, बिलाचं काय?

पुणेकराला बोलतं करायचंय? मग राजकारण काढू नका, क्रिकेटही काढू नका. फक्त विचारा, ‘मिसळ कुठली चांगली?’ बास! पुढचा अर्धा तास तुमचा नाही. मिसळीवरून गाडी मस्तानीवर जाणार, मस्तानीवरून बाकरवडीवर. प्रत्येकाचं दैवत ठरलेलं, आणि दुसऱ्याच्या दैवतात दम नाही हेही ठरलेलं.

मंडळी, आपलं शहर आपल्या दुकानांवर जाम प्रेम करतं. डेक्कनचं गुडलक १९३५चं. कॅम्पातली कयानी १९५५ची, आणि तिथल्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक अजूनही रांग लावतात. चितळ्यांची तर बातच सोडा. दुपारी एक ते चार बंद, यावर जेवढे विनोद झाले असतील तेवढे एखाद्या मंत्र्यावरही झाले नसतील. २०१७मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली! एरवी दुकान बंद झालं की बातमी होते. आमच्याकडे उघडं राहिलं म्हणून झाली.

आता ही सगळी नावं मोठी झालीत. पण सुरुवात प्रत्येकाची एका छोट्या काउंटरवरच झालेली. त्यामुळे ‘पुणं छोट्या धंद्याला मोठं करतं’ असं म्हणायला आपण मोकळे. छाती फुगवायलाही मोकळे.

मीही फुगवते. एवढंच नाही, तर त्यावर माझं पोट चालतं. मासकॉम झाल्यापासून फ्रीलान्स लिहितेय आणि ‘पेठेतली पाच भन्नाट दुकानं’ छापाचे लेख मी डोळे मिटून लिहू शकते. फॉर्म्युला सोपा आहे. एक जुना तराजू, एक रंग उडालेली पाटी, ‘तिसरी पिढी’ हा शब्द आणि गल्ल्यावर बसलेल्या काकांचा हसरा फोटो. वाचकांना आवडतं, संपादकांना आवडतं, काकांनाही आवडतं.

पण मागे एका काकांनी सहज बोलता बोलता एक वाक्य टाकलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणाले, ‘‘फोटो काढणारे खूप येतात हो हल्ली. गिऱ्हाईक मात्र होतं तेवढंच आहे.’’

बॉस, इथे खरा लोचा आहे. कौतुक आणि गिऱ्हाइकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहर आपल्या छोट्या धंद्यांना नक्की काय देतं? लाईक, की पैसे?

आळी, ओटा आणि कायदा

जुनं पुणं या बाबतीत एकदम प्रॅक्टिकल होतं. कौतुकबिवतुक नंतर, आधी बसायला जागा! तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा ही नावं म्हणजे काय? शहरानं धंद्यालाच पत्ता देऊन टाकला होता. तांब्याचा हंडा हवाय? कसब्यात तांबट आळीत जा. टोपली हवीय? बुरूड आळीत जा. जाहिरातीचा खर्च शून्य.

मंडईची गोष्टही तशीच. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. १८८६मध्ये मंडईची दगडी इमारत उघडली आणि तिला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे ते बदलून महात्मा फुल्यांचं झालं. गंमत म्हणजे जोतीराव नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता! तो वाद बाजूला ठेवला तरी भाजी विकणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर आलं, हे खरं. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली, अजून त्या छपराखाली भाव होतोय. आता तर खाली मेट्रोही आली. २९ सप्टेंबर २०२४ला भुयारी मार्ग सुरू झाला आणि पिंपरीचा माणूस गाडी लावायची कटकट न करता थेट मंडईत उगवायला लागला. तुळशीबाग चालत पाच मिनिटांवर. शंभर लेख लिहून जे झालं नसतं, ते एका स्टेशननं केलं.

आणि ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही, त्यांचं काय? तुमच्या आयटी पार्कच्या गेटबाहेरचा चहावाला, वडापावची गाडी, एफसी रोडवरचे कानातलेवाले... यांच्यासाठी २०१४चा फेरीवाला कायदा आहे. त्यानुसार शहरानं विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं आणि निर्णय घेणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. त्यात एक तृतीयांश बायका. गाडी हलवायची तर ३० दिवस आधी नोटीस. माल उचलला तर त्याची यादी द्यायची. माल नाशवंत असेल, तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करायचा.

वाचायला मस्त आहे ना? मग कारवाईची गाडी येताना दिसली की भजीवाला कढई तशीच टाकून का पळतो, हा प्रश्न स्वतःला विचारा. कायदा कागदावर आहे, कढई रस्त्यावर आहे. आणि मधे आपण आहोत. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘या गाड्या हटवा’ म्हणणारे आणि संध्याकाळी त्याच गाडीवर ‘भाऊ, दोन कटिंग’ म्हणणारे.

सेलिब्रेशन तो बनता है!

अमेरिकेत २०१०मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीनं ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ सुरू केला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी लोकांनी मुद्दाम छोट्या दुकानात खरेदी करायची. आयडिया सही आहे. पण आपल्याकडे असा दिवस नाही असं थोडंच आहे? पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतात, नवीन रोजमेळ उघडतात. दसऱ्याला काउंटरला झेंडूचं तोरण, वजनकाट्याला हळद-कुंकू. आपण फक्त त्याला इव्हेंट म्हणत नाही.

इव्हेंटही आहेतच. डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. गावोगावच्या बचत गटांच्या बायका तिथे मांडे करतात, चटण्या विकतात, आणि आपण पिशव्या भरून घरी आणतो. ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेनं लक्ष्मी रोडवर ‘पादचारी दिन’ केला. गाड्या बंद, माणसं चालू! आधी नुसता धूर आणि हॉर्न सहन करणाऱ्या दुकानांसमोर लोक निवांत उभे राहून काचेतल्या साड्या बघत होते.

कसब्यातली हेरिटेज वॉकही आता हॅपनिंग झालीय. तांबट आळीत हातोडीचा ठक्ठक् आवाज ऐकायचा, मठारकामाचे ते चमकणारे खळगे बघायचे, भारावून जायचं. स्टीलची भांडी आल्यावर या कारागिरांचा बंब आणि घंगाळाचा धंदा बसला. मग इन्टॅकसारख्या संस्था आणि डिझायनर मंडळी पुढे आली. त्याच हातोडीनं दिवे, वाट्या, ट्रे घडायला लागले. म्हणजे कामाला नवं गिऱ्हाईक शोधून दिलं. याला म्हणतात सपोर्ट. बाकी आपण काढतो तो फोटो. त्याला पैसे पडत नाहीत.

उलट बाजूनं बघितलं, तर हिशेब आणखी मजेदार होतो. गणपतीची वर्गणी कोण देतं? चौकातला वाणी, सायकलवाला, झेरॉक्सवाला. मांडवाच्या कमानीवर, गॅदरिंगच्या स्मरणिकेत, गल्लीतल्या क्रिकेट टीमच्या टी-शर्टवर, दिवाळी अंकाच्या मागच्या पानांवर कोणाच्या जाहिराती असतात? शहर छोट्या दुकानाला किती सांभाळतं यावर चर्चा होऊ शकते. छोटं दुकान शहराला सांभाळतं, यावर मात्र दुमत नाही.

आत्याचे दोनशे चाळीस डबे

आता थोडं घरातलं. माझी आत्या कर्वेनगरला राहते आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेते. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, आणि अनारसे, ज्यांच्या वाटेला आमच्या घरात दुसरं कोणी जात नाही. धंदा छोटा, पण कागदपत्रं चोख. फूड लायसन्सची नोंदणी आहे, ‘उद्यम’ची आहे. त्यासाठी मीच २०२१मध्ये तिच्या मागे लागले होते.

२०२४च्या दिवाळीला तिला लॉटरी लागली. एका कंपनीची ऑर्डर! २४० डबे, साडेसहाशे रुपयाला एक. म्हणजे एक लाख छप्पन्न हजार. आत्यानं मार्केट यार्डातून बेसन, तूप, रवा रोखीनं उचललं. मदतीला तीन बायका ठेवल्या. तीन आठवडे त्या घरात तळणाचा वास सोडून दुसरं काही नव्हतं. २४ ऑक्टोबरला डबे पोचले. त्याच संध्याकाळी त्या कंपनीच्या एचआरमधल्या मुलीनं डब्यांचे एकदम झक्कास फोटो टाकले. खाली लिहिलं, ‘सपोर्ट लोकल!’ आत्यानं तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मलाही दोनदा आला.

पैसे मात्र आले नाहीत.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, नाताळ झाला. ऑर्डरच्या कागदावर बारीक अक्षरात ‘९० दिवस’ लिहिलं होतं. तेही उलटले. तीन बायकांची मजुरी आत्यानं मोडलेल्या एफडीतून दिली.

‘‘आत्या, अगं फोन कर की त्यांना.’’

‘‘केला ना. ‘मॅडम, सिस्टिममध्ये आहे,’ म्हणाले. सिस्टिममध्ये आहे म्हणजे नक्की कुठे आहे गं?’’

या प्रश्नाचं उत्तर मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत शिकवत नाहीत. म्हणून मी शोधायला बसले आणि जे सापडलं ते वाचून उडालेच. २००६च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. करारात ९० लिहिलं असलं तरी ४५च! उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, तेही दर महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्समध्ये एक कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात वजा करता येतो. म्हणजे बिल ३१ मार्चच्या पुढे गेलं तर त्या वर्षाचा टॅक्स वाढला. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे लागू नाही. माल बनवणारे आणि सेवा देणारे यांच्यासाठी आहे.)

मी उद्यमचा नंबर टाकून एक सभ्य ई-मेल लिहून दिला. पुढे मार्चमध्ये अकाउंट्समधल्या एका मुलाचा आत्याला फोन. ‘‘मॅडम, उद्यमचं सर्टिफिकेट पाठवता का प्लीज? ईयर एंडच्या आत क्लिअर करायचंय.’’ २७ मार्चला पैसे जमा. डबे पोचल्यापासून १५४व्या दिवशी.

‘‘आणि व्याज?’’ मी विचारलं.

‘‘व्याज मागू? आणि पुढच्या दिवाळीला ऑर्डर कोण देणार? तू?’’

विषय संपला. कायदा तिच्या बाजूनं होता, पण पुढच्या वर्षीची चकली त्यांच्या हातात होती.

त्या एचआरच्या मुलीचा मला राग नाही, खरंच नाही. तिनं मनापासून आत्याला शोधलं होतं, मनापासून फोटो टाकला होता. आपण ज्यांचं कौतुक केलं त्यांचं बिल दोन मजले वर कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

२०२५च्या दिवाळीला आत्यानं अट घातली. निम्मे पैसे आगाऊ. कंपनीचं उत्तर आलं, ‘पॉलिसीत बसत नाही.’ ऑर्डर गेली. एका छोट्या सीए फर्मनं मात्र निम्मे पैसे देऊन ४० डबे घेतले, ओळखीतून आणखी साठेक गेले. कमाई कमी झाली. ‘‘पण रात्री झोप लागली बाई,’’ आत्या म्हणाली. तिच्या एका मदतनीस बाईला मात्र या वर्षी काम नव्हतं.

वीकएण्ड नव्हे, वीकडे!

आपण ‘लोकल सपोर्ट’चा विचार कायम वीकएण्डला करतो. रविवारी जुन्या बाजारात चक्कर, शनिवारी भीमथडी, मधे एखादी मिसळ. काही मिनिटांत घरपोच मिळणारी कोथिंबीर सोडून एक दिवस मंडईत जायचं आणि दिवसभर पुण्य कमावल्याच्या थाटात वावरायचं. वाईट काहीच नाही. जा, जरूर जा.

पण जरा हिशेब करा. तुम्ही महिन्याला खिशातून तुळशीबागेत किती खर्च करता? हजार? दोन हजार? आणि तुमचं ऑफिस महिन्याला चहा, डबे, स्टेशनरी, बुके, बॅनर, प्रिंटिंग, ट्रॉफ्या, टॅक्सी, डिझायनर, फोटोग्राफर यांच्यावर किती खर्च करतं? या शहरातल्या छोट्या धंद्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुमचं ऑफिस आहे. आणि ऑफिस म्हणजे कोण? तुम्हीच की! एचआरमध्ये तुम्ही, अॅडमिनमध्ये तुम्ही, अकाउंट्समध्ये तुमचा रोज डब्यातली भाजी शेअर करणारा मित्र.

तेव्हा वीकडेला करायच्या तीन बोअरिंग गोष्टी सांगते. ऑर्डर देताना विचारा, ‘तुमची उद्यम नोंदणी आहे का?’ असेल, तर पीओवर ९० दिवस छापूच नका. ४५ लिहा, जमलं तर १५. निम्मे आगाऊ मागितले तर ‘पॉलिसी’ हा शब्द उच्चारण्याआधी ती पॉलिसी लिहिणाऱ्याला जाऊन भेटा. आणि ज्याच्या मालाचा फोटो टाकलात, त्याचं बिल कुठे अडकलंय ते महिन्यानं एक फोन करून बघा. दोन मिनिटं लागतात. लिफ्टनं गेलात तर तीन.

खिशातून खरेदी करतानाही एक साधी गोष्ट. जमेल तिथे दुकानाच्या पाटीवरच्या क्यूआर कोडवरच पैसे द्या, दुकानदाराला थेट फोन करून मागवा. जानेवारी २०२०पासून यूपीआयच्या साध्या व्यवहारावर दुकानदाराला चार्ज पडत नाही. मधल्या अॅपला मात्र कमिशन लागतं, आणि ते शेवटी कुणाच्या तरी पुरणपोळीतूनच जातं.

आणि हो, फ्रीलान्सर मंडळी, तुम्हीही यातच येता हं! आपणही सेवा देणारा छोटा धंदाच आहोत, आपल्यालाही उद्यम नोंदणी करता येते. फ्रीलान्समधला ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, हे सगळ्या संपादकांना एकदा कळायला हवं. (आमचे संपादक सोडून. त्यांना कळतं. बहुतेक.)

शहर आपल्या छोट्या धंद्यांवर प्रेम करतं, यात वाद नाही. पुणेकर जे एकदा मनावर घेतो ते पाटीवर लिहून लावतो. मग आता एक पाटी ऑफिसातही लागू द्या, अकाउंट्सच्या दारावर, खास पुणेरी थाटात: ‘कौतुक बाहेर करावे. आत आल्यास बिल मंजूर करूनच जावे.’